चौकटीची की बिनचौकटीची

माझ्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, चौतीस वर्षं बसगाड्यांना खिडक्या बसवल्या आणि स्वतःच्या गाडीला एक खिडकी बसवायची वेळ आली तेव्हा चार महिने घोळ घातला. हे मी चेष्टेने सांगत नाही. चेष्टा करण्याइतकं त्राण त्या दिवसांत आम्हा तिघांपैकी कुणातच उरलेलं नव्हतं.

बसबांधणीच्या कारखान्यात त्यांना सगळे रबरमामा म्हणत. मोठी खिडकी पत्र्यात बसवायची तर तिच्याभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि खिडकी बाहेरून पत्र्यातल्या भोकाला लावून धरायची. मग आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढायची. दोरी सुटत जाते तसा रबराचा काठ पत्र्यावर चढतो आणि खिडकी जागेवर बसते. बाहेरच्याने दाबायचं, आतल्याने ओढायचं. दोघांचं जुळलं नाही तर काच तडकते. भावजी नेहमी बाहेरचे. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की उद्या मलाही कारखान्यात नोकरी मिळेल.

ताई एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. धुलाईखाना तळघरात. तिथे खिडकी नव्हतीच. बाहेर ऊन आहे की पाऊस हे तिला जिन्यावरून खाली येणाऱ्यांच्या बुटांवरून कळायचं. अशी तीस वर्षं गेली. नवरा हजारो परक्या माणसांना खिडक्या देणारा आणि बायको तळघरात, यावर मी त्यांना लग्नापासून टोमणे मारत आले आहे. भावजी म्हणायचे, "निवृत्त होऊ दे, तिला खिडकीतच बसवतो." कारखान्याच्या मागच्या आवारात एक लहान बस वर्षानुवर्षं उभी होती. ज्याने बांधायला दिली तो फिरकलाच नाही. ती मालकाने भावजींना देऊन टाकली. तिची घरगाडी करायची, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि निघायचं, असं दोघांनी ठरवलं. ताईची अट एकच, आधी समुद्र.

भावजींच्या निवृत्तीला अकरा महिने उरले असताना ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. डोकं मात्र पहिल्यासारखंच तिखट राहिलं. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, मागे कुणी वाट पाहणारं नाही, म्हणून पंधरा दिवसांसाठी आले. माझी बॅग अजून पलंगाखालीच आहे. ती कपाटात ठेवली की मी राहिले असं होईल.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य सुरू झालं. ताईने पाण्याच्या भांड्याकडे नुसतं पाहिलं की भावजी म्हणायचे, "मी आहे ना." ब्लाउजचं बटण, कंगवा, पांघरूण, दिव्याचं बटण, सगळ्याला तेच. डावा हात पुढे येतोय तोवर वस्तू तिच्या ओठांशी हजर. माणूस राबत होता, कुरकुरत नव्हता, पहाटे उठून तिचं अंग दाबत होता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि जेवताना हातातला घास तसाच धरून ते पेंगायचे. अशा माणसाला काय बोलणार? मला त्यांची कीव यायची आणि त्या वाक्याचा रागही यायचा, पण राग का येतो ते मलाही नीट कळत नव्हतं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की प्रवासाला हरकत नाही, फक्त झोपून करू दे. मग भावजींनी गाडीचं काम धरलं. पलंग उजव्या भिंतीला, ताईचा डावा हात खिडकीकडे येईल असा. इथवर सगळं झटपट झालं. आणि खिडकीपाशी गाडी अडली.

खिडक्या दोन जातींच्या. एक चौकटीची, ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात सरकणाऱ्या दोन काचा, आयुष्यभर त्यांनी बसवलेली. दुसरी बिनचौकटीची, म्हणजे काळसर काच पत्र्याला बाहेरून चिकटवलेली, दिसायला सपाट, गुळगुळीत. तिला आत एक फिरकी असते. ती फिरवली की काच खालच्या बाजूने बाहेर उचलली जाते, पण जेमतेम चार बोटं. भावजींच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हीच आली आणि रबर-दोरीचं काम मागे पडलं. मला वाटलं होतं, म्हातारा जुन्याला चिकटून बसेल. पण नाही. त्यांना बिनचौकटीचीच हवी होती.

"चौकट गळते," ते म्हणाले. "चौतीस वर्षं लोकांनी मला एवढं एकच सांगितलंय. मामा, खिडकी गळते. आणि मधे ती उभी पट्टी येते. तिला समुद्र दोन तुकड्यांत कशाला दाखवायचा?"

हे मला पटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले की बिनचौकटीची फुटली तर वाटेत दुरुस्त कोण करणार, चौकटीची मी डोळे मिटून करीन. तिसऱ्या दिवशी पुन्हा समुद्राचे तुकडे. त्यांनी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून दोन्ही खिडक्या बनवल्या आणि ताईच्या पलंगाशेजारच्या भिंतीला आळीपाळीने टांगल्या. ताईने दोन्ही पुठ्ठे पाहिले आणि म्हणाली, "भिंतच दिसते." मी खूप दिवसांनी हसले. भावजी हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शेवटी कारखान्यातून त्यांनी बिनचौकटीची एक खरी खिडकी नमुना म्हणून आणली आणि लाकडी घोडीवर पलंगाशेजारी उभी केली. काच खरंच सुंदर होती. ताई बराच वेळ पाहत राहिली. मग तिने डावा हात लांबवला आणि फिरकी धरली. अर्धा फेरा झाला. बोटं घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. बारा फेरे द्यावे लागतात त्या फिरकीला, मी मोजले होते. तिसऱ्यांदा ती हात नेते न नेते तोच भावजींनी फिरकी गरागरा फिरवली आणि काच चार बोटं उघडली.

"तू कशाला त्रास घेतेस?" ते म्हणाले. "मी आहे ना."

ताईने मान भिंतीकडे वळवली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. भावजींना वाटलं काचेचा रंग फार काळा आहे. ते फिकट काचेची चौकशी करून आले. मी हात टेकले.

तिसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत असताना ती हळूच म्हणाली, "मला बघायचं नाहीये गं. उघडायचंय."

माझा हात थांबला. चार महिने घरात खिडकीशिवाय विषय नव्हता. गळणार का, पट्टी येणार का, फुटली तर काय. उघडणार कोण हे एकानेही विचारलं नव्हतं. ज्याने त्या कामात जन्म घालवला त्यानेही नाही, आणि मी, जी स्वतःला फार शहाणी समजते, तिनेही नाही. मला माझीच लाज वाटली.

"त्यांना सांग ना," ती म्हणाली.

"मी नाही सांगणार. तुझा नवरा, तुझी खिडकी. तूच सांग."

संध्याकाळी भावजी फिकट काचेचा तुकडा घेऊन आले तेव्हा तिने सांगितलं. जड जिभेने, थांबत थांबत. "अहो, पाणी तुम्ही. कंगवा तुम्ही. कूस वळवायची तरी तुम्ही. एक खिडकी माझी असू द्या. सरकणारी. हात लावला की सरकणारी."

भावजी खुर्चीवर बसले. काचेचा तुकडा त्यांनी मांडीवर ठेवला.

"मी करतो त्यात काही कमी पडतं का?"

"नाही. जास्त होतं."

मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी पुन्हा म्हणालंय, मामा, खिडकी गळते. ते म्हणाले, "मी थकलोय गं. मला वाटायचं, आपण दमलो तरी चालेल, तुला काही करावं लागू नये."

"मी पण थकलेय," ताई म्हणाली. "काही न करून."

भावजींनी मांडीवरचा काचेचा तुकडा उचलून खाली ठेवला. मग भावजी अगदी क्षीण आवाजात म्हणाले, "चौकटीची गळते पण."

"गळू द्या. पुसायला तुम्ही आहात ना."

तेव्हा कुठे ते हसले.

दुसऱ्या दिवसापासून माणूस कामाला लागला. सरकत्या काचेची कडी दोन बोटांत चिमटून दाबावी लागते. ती काढून त्यांनी तिथे जाड पट्ट्याचा एक फास बसवला, नुसतं मनगट घातलं तरी ओढता येईल असा. मग पत्र्यावर आतून खडूने खिडकीच्या खालच्या काठाची रेघ मारली. मी सहज आत जाऊन पलंगावर आडवी झाले आणि म्हटलं, "भावजी, या रेघेच्या वरचं मला आभाळ दिसेल फक्त."

ते आत आले, मला पाहिलं, रेघ पाहिली. रेघ बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होती. हात आपोआप तिथेच गेला होता. "चौतीस वर्षांत माझ्याकडे झोपलेला प्रवासी आला नाही," ते म्हणाले आणि रेघ वीतभर खाली आणली. पत्रा कापलेला नव्हता हे नशीब.

खिडकी बसवायच्या दिवशी आत दोरी ओढायला मी होते. भावजींचा जुना जोडीदार केव्हाच लेकीकडे राहायला गेला होता. ताईला आम्ही दोघांनी उचलून पलंगावर ठेवलं, बघायला म्हणून. भावजींनी बाहेरून खिडकी लावून धरली. मी वरची बाजू ओढली, उभी बाजू ओढली आणि खालच्या कोपऱ्यात दोरी अडकली. माझे हात भरून आले होते.

"आण इकडे," ताई म्हणाली.

तिने दोरीचा डाव्या मनगटाला एक वेढा दिला. बाहेरून आवाज आला, "काय झालं? थांबा, मी येतो आत."

"येऊ नका. दाबा," ताई म्हणाली.

बाहेर क्षणभर काहीच झालं नाही. मग काचेवर त्यांचे दोन्ही तळवे पसरलेले दिसले. ताईने ओढलं. कपाळावर घाम आला, ओठ वाकडा झाला, पण दोरी बोटबोट सुटत गेली आणि रबर पत्र्यावर चढत गेलं. शेवटचं टोक सुटून तिच्या छातीवर पडलं. काच तडकली नाही.

भावजी बाहेर तसेच उभे होते. दाबायची गरज संपली होती तरी त्यांचे हात काचेवरच होते. मग त्यांनी हात काढले, कपाळ गाडीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. इतका थकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पाहिला होता, रोजच, पण त्यांनी तो कधी दिसू दिला नव्हता.

ताईने फासात मनगट घातलं. काच एका ओढीत सरकली, अर्धी खिडकी मोकळी झाली आणि वारा आत आला. त्या आवाजाने भावजींनी डोळे उघडले आणि सवयीने हात पुढे केला. "वारा लागेल तुला. थांब, मी..."

ताईचा डावा हात खिडकीतून बाहेर गेला, कोपरापर्यंत, आणि त्यांच्या डोक्यावर जाऊन थांबला. पिकलेल्या केसांना साबणाचं पाणी लागलं होतं, ते तिने तळव्याने पुसलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी आहे ना."