डावीकडे ओढणारी गाडी

“गाडीत काही खोट नाही हो. माझाच हात डावीकडे जातो.”

बाबा अंगणात उभे राहून सांगत होते, तेही हसत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चहा गाळत होते, ती तशीच थांबले. आम्ही विकायला काढलेली जुनी गाडी बघायला निफाडकडचे एक तरुण मास्तर आले होते. सोबत त्यांची बायको, आणि मागच्या सीटवर उड्या मारणारी त्यांची लहान मुलगी.

“असं कुठं राहतं का, सर?” मास्तर म्हणाले. “गाडी तर लय भारी ठेवलीय तुम्ही.”

“यांना बैलगाडी दिली तरी ती डाव्या अंगालाच नेतील,” आई दारापुढच्या ओट्यावरून म्हणाली. सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त.

आता जे सांगणार आहे ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना त्यातला एक तुकडा माहीत आहे — तो त्यांना त्याच दिवशी कळला. बाकीचं नाही. समोर बसून सांगायला गेले तर माझा आवाज फुटणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

बाबा शाळेत क्लार्क. मी मात्र इंग्रजी माध्यमात. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत कुणाकडे इंग्रजी पत्र आलं, औषधाच्या बाटलीवरचं काही वाचायचं असलं, की मला हाक यायची. मला ते आवडायचं नाही. मी कमी बोलणारी. पण बाबांचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा! बाबांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. त्यांचा स्वतःच्या इंग्रजीवर विश्वास नव्हता — माझ्या इंग्रजीवर होता.

मी दहावीत असताना गाडी घ्यायचं ठरलं. कॉलेज रोडच्या एका बंगल्यातली, वापरलेली. आई म्हणाली, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मामांना सोबत न्या, ते खालून-वरून बघतील. बाबांना ते पटेना. “मोठी माणसं आहेत. मेकॅनिक नेला तर संशय घेतल्यासारखं दिसतं. गाडीची दरवेळची तपासणी झालेली आहे, सगळं लिहिलेलं आहे म्हणतात. आणि वाचायला ही आहे की.”

वाचायला मी होते.

त्या बंगल्याच्या फाटकाशी गेल्यावर मला कळलं, की तिथे माझ्या वर्गातली एक मुलगी राहते. नाव नको. ती वाईट नव्हती — उलट वर्गात माझ्याशी नीट बोलणाऱ्या दोघी-तिघींतली ती एक. मी तिला घरी कधी बोलावलं नव्हतं. का, ते तुम्हाला कळलं असेल.

ती पायऱ्यांवर येऊन बसली. बाबा गाडीभोवती फिरत होते. माठ घेताना वाजवून बघतात तसं त्यांनी बोटाच्या पेरांनी दार वाजवलं. चपला काढून गाडीत बसले. हो — चपला बाहेर काढून. मग उकिडवे बसून खाली वाकून बघितलं, तेव्हा सदरा मागून वर गेला. तिची आई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि इंग्रजीतच उत्तर दिलं: “मॅडम, माय डॉटर ऑल्सो इंग्लिश मीडियम ओन्ली.”

माझी मैत्रीण हसली. थोडंसंच, आणि लगेच तोंडावर हात धरला. खरं तर तेवढंच झालं. कुणी अपमान केला नाही, कुणी काही बोललं नाही.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी गाडीच्या तपासण्यांची फाईल आणून दिली. ती बाबांनी न उघडता माझ्या हातात ठेवली. “बघ गं, नीट वाच. घाई करू नको.”

मी वाचलं. घाई न करता वाचलं. मधल्या एका पानावर निळ्या शाईत, सरळ समजेल अशा इंग्रजीत लिहिलं होतं — समोरून धडक बसली होती, पुढची चौकट ठोकून सरळ केली आहे, तरी गाडी डावीकडे ओढते, पुन्हा तपासावी. पुन्हा तपासल्याचं पान पुढे कुठेच नव्हतं.

मी ते बोलले असते तर काय झालं असतं? बाबांनी प्रश्न विचारले असते. आणखी प्रश्न, तशाच इंग्रजीत, तिच्यासमोर. बहुतेक पुन्हा उकिडवे बसले असते. मला तिथून निघायचं होतं. बस्स. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही — मी खूप शोधलं.

“सगळं ठीक आहे, बाबा,” मी म्हणाले आणि फाईल मिटली.

गाडी आली. आईने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पहिल्याच आठवड्यात बाबांनी ती कॉलनीच्या फाटकाला घासली. सगळी चेष्टा करू लागले. गॅरेजवाल्या मामांनी चाकं बघितली, स्टिअरिंग बघितलं, आणि विचारलं, “साहेब, आधी ठोकलेली नाही ना कुठे?” मी तिथेच उभी होते. “छे, छे,” बाबा म्हणाले. “माझ्या पोरीने सगळं वाचून घेतलीय.” मग मामाही म्हणाले, तुमचाच हात असेल.

त्या वयात बाबा पुन्हा ड्रायव्हिंग क्लासला गेले, कॉलेजच्या पोरांबरोबर. तिथली गाडी सरळ चालायची. त्यावरून त्यांनी काय ठरवलं माहीत आहे? आपण घरच्यांना घेऊन निघालो की घाबरतो.

पुढे निफाडच्या रस्त्यावर एकदा समोरून ट्रक आला आणि गाडी डांबर सोडून द्राक्षबागेच्या चरात गेली. आईचं मनगट मोडलं. ते नीट जुळलं नाही. पोळी लाटताना अजून दुखतं. बाबांनी त्यानंतर गाडी जवळजवळ चालवलीच नाही. आणि मी? प्लास्टर होतं तोवर मी पोळ्या केल्या. सगळे म्हणाले, किती गुणी पोरगी आहे.

फाईल कपाटात होती. एवढी वर्षं. ती कुणीच उघडली नाही, कारण मी वाचलेली होती.

त्या दिवशी अंगणात बाबांनी तीच फाईल मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी दोन-चार पानं उलटली आणि परत दिली. “आपलं इंग्रजी जेमतेम, सर. ताईंनी वाचलंय ना? मग झालं.”

त्यांची मुलगी काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

मी बाहेर गेले. चहा आतच राहिला. “गाडी घेऊ नका,” मी म्हणाले. “आम्ही घ्यायच्या आधीच तिला अपघात झालेला आहे. ती डावीकडे ओढते. बाबा नाही ओढत.” फाईल घेऊन मी ते पान काढलं. शोधावं लागलं नाही.

मास्तरांनी मुलीला गाडीतून उतरवून कडेवर घेतलं. ती माणसं गेली.

बाबांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं. सगळं वाचलं. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, “दहावीतलं पोर होतं गं. असलं मेकॅनिकचं इंग्रजी तिला काय कळणार?”

आई उजव्या हाताने डावं मनगट धरून उभी होती. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“कळलं होतं, बाबा,” मी म्हणाले.