एफीआत्याची घोडी आणि फँटम

आमची एफीआत्या विमानाला घाबरते, हे तिने कधी कुणापुढे कबूल केलं नाही. १९८२च्या लढाईत अर्जेंटिनाची विमानं छपरावरून जायची तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिरायची. पुढे लढाई संपली. ब्रिटनने आठ हजार मैलांवरून फँटम विमानं आणून आमच्या फॉकलंड बेटांच्या राखणीला कायमची ठेवली. म्हणजे आता विमानं आपलीच. तरी आवाज आला की आत्या टेबलाखाली. विचारलं तर म्हणायची, "चमचा पडला होता."

तिची घोडी मोरिता तिच्याहून भित्री. पळण्यात मात्र पश्चिम बेटावर तिला जोड नव्हती. वस्तीच्या वार्षिक शर्यतींना एक फँटम सलामी द्यायला येई, नेमकं कधी ते कुणालाच ठाऊक नसे. एका वर्षी ते शेवटच्या शर्यतीत आलं आणि मोरिताने मला खाली टाकून थेट डोंगर गाठला. शेजारच्या फार्मवरचा नॉर्मन वर्षभर विचारत होता, "काय गं एफी, घोडी सापडली का?"

आत्याला ते भारी झोंबलं. वीस वर्षं तिला त्या शेवटच्या शर्यतीचा कप हवा होता. मग तिने युक्ती काढली. विमान आलं रे आलं की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं आणि मोरिताला खिशातले मूठभर ओट्स द्यायचे. पहिले काही महिने दोघी सारख्याच थरथरत. निम्मे ओट्स गवतात सांडत. उन्हाळ्यापर्यंत घोडी आवाज आला की कान टवकारून आत्याला शोधू लागली.

"यंदा बाकीचे घोडे उधळतील, आपली घोडी नाही," आत्या मला म्हणाली. "तू फक्त पडू नकोस, म्हणजे मिळवली."

शेवटची शर्यत. आम्ही सर्वांत पुढे, शंभर पावलं उरलेली, आणि फँटम आलं. मागे नुसता गोंधळ उडाला. नॉर्मनचा घोडा कुंपणाकडे सुटला. मोरिता जराही दचकली नाही. ती थांबली, वळली आणि मी लगाम ओढत शिव्या घालत असताना रमतगमत चहाच्या टेबलाशी गेली. तिथे आत्या केक कापत होती. मोरिताने तिच्या एप्रनच्या खिशात नाक खुपसलं.

"आत्या, हाकल हिला! अजून जिंकतो आपण!"

आत्याने शर्यतीच्या शेवटच्या रेषेकडे पाहिलं. खरंच वेळ होता. मग तिने खिशात हात घातला.

"विमान आलं ना? मग ओट्स द्यायलाच हवेत. वर्षभर दिलेत, आज कशी फसवू?"

लोक हसून हसून लोळले. नॉर्मनने घोडा वळवून आणला, रेषा ओलांडली आणि तिथूनच ओरडला, "एफी, तुझी घोडी चहाला पहिली आली गं!"

तेवढ्यात फँटम फिरून पुन्हा आलं, अगदी डोक्यावरून. नॉर्मनसकट सगळे खाली वाकले. मीही वाकलो. आत्या मान वर करून बघत होती. ओट्सचा हात घोडीपुढे तसाच होता, आणि त्यातून एक दाणाही खाली सांडला नाही.