टीव्हीवर आईच्या भाकरीला दहा सेकंद

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे, म्हणून लिहितोय.

माझी आई सत्त्याऐंशीची. तिचं माहेर निजामाच्या हद्दीतलं. दहा वर्षांची असताना ती भाकऱ्यांच्या चवडीत चिठ्ठ्या लपवून सरहद्दीपलीकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीत पोचवायची. एकदा निजामाच्या शिपायाने फडकं सोडायला लावलं, तर हिने वरची भाकरी त्यालाच खायला दिली आणि पुढे निघाली!

उन्हाळ्यात मुक्तिसंग्रामावर माहितीपट करणारे लोक आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी आले. आई तीन तास बोलली. निघताना ते म्हणाले, "माताजी, एक भाकरी थापून दाखवा ना." तिने हौसेने दाखवली.

आज तो माहितीपट लागला. अख्खी गल्ली आमच्याकडे. शाहपूरहून बहीण आली. आई नवी साडी नेसून पुढे बसलेली.

पाऊण तास झाला, आई कुठेच नाही. मग एकदम परातीत भाकरी थापणारे दोन हात दिसले. शेजारच्या भाभी ओरडल्या, "अरे, ये तो काकी के हाथ हैं!"

तेवढ्यात निवेदकाचा भारदस्त आवाज आला, "पुरुष लढत होते, तेव्हा स्त्रिया घरी चूल सांभाळत होत्या."

संपलं. चेहरा नाही, नाव नाही, चिठ्ठ्यांचा तर विषयच नाही. आमच्या टाळ्या हातातच राहिल्या.

मी रागाने टीव्ही बंद केला. आईने शांतपणे जे विचारलं, तेच तुम्हाला विचारतो.

"हात तर माझेच आहेत रे. पण हा बोलणारा तेव्हा होता कुठे?"