अकराने भाग जाणारी झारी

टेम्पोतून सहा झाऱ्या उतरल्या. बागेला पाणी घालायच्या, पत्र्याच्या. आम्ही कल्याणच्या गोडाऊनकडून मागवली होती पंपाची सहा सील. पंपाच्या दांड्याभोवतीची ही कडी खराब झाली की ॲसिड गळतं. म्हणून पंप बंद होता, आणि त्यापायी प्लांटही.

ईरा, निनाद, तुमची आजी तेव्हा डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. मी प्रत्येक वस्तूला आठ आकडी नंबर दिला होता. मागणीपत्रावर नाव लिहायचं नाही, नंबर पुरे, हा हुकूमही माझाच.

प्लांट मॅनेजर कुलकर्णीसाहेब झारी हातात घेऊनच आले.

"बाई, संध्याकाळपर्यंत कारण सांगा. नाहीतर उद्यापासून पुन्हा रजिस्टरं, आणि तुमच्या मशीनवर कापड टाका."

"साहेब, चुकीचा नंबर मशीन घेतच नाही."

हे मी छातीठोकपणे म्हटलं, कारण त्यामागे गणित होतं. सीलचा नंबर ४०७१२६५६. उजवीकडून पहिल्या आकड्याला एकाने गुणा, दुसऱ्याला दोनाने, असं आठपर्यंत जा. बेरीज १२१. अकराने पूर्ण भाग जातो. तसा जावा म्हणूनच शेवटचा आकडा निवडलेला असतो. त्याला चेक डिजिट म्हणतात. शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले की बेरीज बिघडते आणि मशीन अडतं. करून बघा.

मागणीपत्र काढलं. त्यावर ४०१७२६५१. सात आणि एक उलटे पडले होते. तरी बेरीज ११०, म्हणजे पुन्हा अकराच्या पाढ्यातलीच! आणि हा नंबर नेमका झारीचा. पण शेवटच्या सहाचा एक कसा झाला?

नंबर टाइप करणारे स्टोअरकीपर म्हात्रे यांना बोलावलं.

"म्हात्रे, हा शेवटचा एक कुठला?"

"मशीनला आवडला तो, मॅडम."

"म्हणजे?"

"ते 'राँग नंबर' बोललं की मी शेवटचा आकडा बदलतो. शून्य टाकला, नाही घेतला. एक टाकला, घेतला. नऊपर्यंत कुठेतरी घेतंच ते."

"आणि नाही घेतलं तर?"

"मग मी चहाला जातो."

शेवटी दहा लागेल, म्हणजे एकही आकडा चालणार नाही, असे नंबर मी आधीच बाद केले होते. म्हात्र्यांना ते चहाच्या निमित्ताने सापडले होते.

कुलकर्णीसाहेबांनी झारी खाली ठेवली. "बाई, यांना तुमच्याच विभागात घ्या."

नाव गाळून नुसत्या नंबरावर विसंबण्याची चूक माझीच होती, आणि ती मी तिथेच कबूल केली. म्हात्रे स्वतः कल्याणला जाऊन सील घेऊन आले. दुपारी पंप सुरू झाला. मशीन वाचलं. दुसऱ्या दिवसापासून नंबरासमोर पडद्यावर वस्तूचं नाव उमटू लागलं आणि म्हात्रे ते मोठ्याने वाचून मगच बटण दाबू लागले.

चेक डिजिट धांदरट माणसाला पकडतो. खटपट्या माणसापुढे त्याचं काही चालत नाही.