आईने सोडलेला चहा

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की आमची आई थेट ईस्टरपर्यंत चहा सोडते. उपास तिचा, प्रायश्चित्त आमचं. सकाळपासून बाबांवर, माझ्यावर, अगदी कुकरच्या शिट्टीवरसुद्धा ती खेकसत असते.

मागच्या वर्षी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चर्चमध्ये कन्फेशनला बसून तिने हा सगळा राग फादरना सांगितला.

"कधीपासून होतंय असं?" फादरनी विचारलं.

"चहा सोडल्यापासून."

मग फादरनी तिला प्रायश्चित्त दिलं: रोज सकाळी एक कप चहा.

घरी येऊन तिनेच हे आम्हाला फणकाऱ्याने सांगितलं आणि आलं ठेचायला घेतलं. पहिला कप संपवून तो बाबांपुढे धरत म्हणाली, "देवासाठी काय काय सोसावं लागतं! ओता अजून अर्धा."