काळ्या रिळातला पांढरा लिंब

निम्मी वाट सरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एसटी फाट्यावरच सोडून गेली, आणि जुन्या गावापर्यंत अजून कोसभर पांदण होती. तनुजानं पदर डोक्यावर ओढला.

"ऊन उतरल्यावर आलो असतो की गं, नाजिया."

"माझ्या फोटोला भर दुपारच लागती. तुझ्यावाणी सावलीतली मास्तरीण न्हाई मी."

नाजियाचं लातुरात क्लासच्या गल्लीत फोटोचं दुकान. दिवसभर पोरांचे फॉर्मचे फोटो काढायचे. तिचे अब्बा चांदपाशा उदगीरचे फोटोग्राफर. भूकंपाच्या वर्षी उन्हाळ्यात तनुजाच्या थोरल्या बहिणीचं, सिंधूचं लग्न त्यांनी काढलं, अन् रीळ मागं न गुंडाळताच उन्हात कॅमेऱ्याची पाठ उघडली. धुऊन आलं ते काळं ठिक्कर. "दिवाळीला पुन्हा काढतो," असं ते तनुजाच्या आईला, विठाबाईंना हात जोडून बोलले. पण गणपतीला माहेरी आलेली सिंधू भूकंपात गेली. लेकीचा एकही फोटो घरात राहिला नाही. तेव्हापासून चांदपाशांचं नाव विठाबाईंच्या उंबऱ्याआत आलं नाही. अब्बांनी मात्र ते रीळ मरेपर्यंत जपलं.

मागल्या वर्षी क्लासचे साहेबराव सर दुकानात बोलून गेले, की जळालेल्या काळ्या रिळातून डोळ्याला न दिसणारा उजेड आरपार जातो. त्या उजेडात हिरवं झाड पांढरं दिसतं, अन् असा फोटो काढायला भिंगावर लावायची महागाची काच नसली तरी भागतं. नाजियानं जुन्या डिजिटल कॅमेऱ्यासमोर टीव्हीचा रिमोट दाबला. पडद्यावर जांभळा ठिपका चमकला. म्हणजे कॅमेऱ्याला तो उजेड दिसत होता! मग पुठ्ठ्याच्या कड्यात अब्बांच्या त्या रिळाचे दोन तुकडे एकावर एक बसवले अन् भिंगावर चिकटपट्टीनं घट्ट लावले. महिनाभर बाजूनं उजेड शिरून फोटो वाया गेले. ती हटली नाही.

भूकंपात पडलेल्या जुन्या गावात दगड, मारुती आणि लिंब एवढंच उभं होतं. सिंधूच्या लग्नाचा मांडव त्याच लिंबाखाली घातला होता. तनुजानं मारुतीला हात जोडले. नाजियानं एका पडलेल्या जात्यावर कॅमेरा ठेवला, "बिस्मिल्ला" म्हणत कळ दाबली.

फोटो उमटायला आठ सेकंद लागायचे; तेवढा वेळ दोघींनी श्वास धरला. वारा आला, फोटोत पानं पुसली. पुन्हा दाबलं. पुन्हा पुसली.

"देवा, एवढा वारा आवर," तनुजा पुटपुटली.

तिसऱ्यांदा पान हाललं नाही. फोटो लालभडक आला होता; नाजियानं पडद्यावरच तो लाल रंग काढून टाकला आणि ओरडलीच, "तनू, बघ!" आभाळ काजळासारखं काळं, अन् लिंब पांढराशुभ्र.

आठ दिवसांनी मोठा फोटो घेऊन दोघी विठाबाईंपुढं उभ्या राहिल्या.

"कुणाची गं तू?"

"चांदपाशाची लेक, मावशी."

विठाबाईंनी तोंड फिरवलं. नाजिया तिथून हलली नाही. "मावशी, सिंधूताईचं ते काळं रीळ भिंगावर लावून काढलाय. त्याच रिळातून आलाय हा लिंब."

म्हातारीनं फोटो उजेडात धरला. बराच वेळ बोटानं एकेक फांदी चाचपली.

"लाह्या उधळल्यात गं झाडावर," ती म्हणाली. "माझ्या सिंधूच्या लग्नावाणी." डोळे पुसून तिनं फोटो देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी टेकवला. "उभी काय राहिलीस? बस. च्या घेऊन जा."

नाजिया हसतही होती, रडतही होती. तिनं तनुजाच्या हातात पेन दिला.

"तुझं अक्षर चांगलंय. फोटोच्या मागं अब्बाचं नाव लिही. सिंधूताईच्या लग्नाचा फोटो, चांदपाशांनी काढलेला, असं लिही."