दाढ तुटली आणि वावडिंगाचा काढा

मैत्रिणींनो, आज सकाळी माझी दाढ तुटली. कशानं, तर वरणात भिजून मऊ झालेल्या बट्टीनं! हसू नका, मला तर हसायचंही त्राण नाही.

शाळा सुटल्यावर पाचोऱ्यातल्या दातांच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी आरसा धरून दाखवलं, सगळ्या दाढा झिजून सपाट झाल्यात. "मॅडम, तुम्ही झोपेत दात खाता. कसलं टेन्शन आहे?"

"कसलंच नाही," मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटलं. शाळा, मुलांचे डबे, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करणं, हे काय टेन्शन असतं का?

त्या म्हणाल्या, "आत्तासुद्धा दात आवळूनच बसलात."

मी दात खाते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, "तुन्हा पोटमा जंत शेतस" म्हणत वावडिंगाचा काढा देतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी घरी तो मुकाट पिते. वाद घालायची ताकद कुठून आणू?

आज घरी आल्यावर अक्कांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्या सासऱ्यांना चमच्यानं पाणी पाजत होत्या. चमचा तसाच हातात राहिला.

"मना दात बी असाच गयात वं माय," त्या हळूच म्हणाल्या.

चाळिशीतच अक्कांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. त्यांनाही त्यांच्या सासूनं काढाच दिला होता. काय होतंय तुला, असं कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात झोपेत दात कोण खातं? तिला विचारलंत का कधी?